मांडवातला बर्फ

एप्रिल लागला की आमच्या भागातल्या मोकळ्या मैदानावर प्रदर्शनवाले येतात. आधी ट्रक येतात, मग बांबू उतरतात, मग पत्रे. दुपारी जेवायला घरी येताना रस्त्यावरूनच ते दिसतं. यंदा आकाशपाळणा आलाय, कुर्त्यांचे आणि लोणच्यांचे स्टॉल आलेत, लहान मुलांची आगगाडी आली आहे. परवा मी गाडी बाजूला लावली आणि बांबूला दोरी आवळणाऱ्या एका माणसाला विचारलं, "यंदा बर्फ नाही का?"

"कसला बर्फ?"

"घसरायचा. दोन वर्षांमागं आला होता."

त्यानं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. "न्हाय ओ. ह्या उन्हात कुटला बर्फ," असं म्हणून तो पुन्हा दोरीकडे वळला.

त्याचंही बरोबर होतं. सोलापुरात बर्फावर स्केटिंग करता येईल, हे आम्हालाही आधी पटलं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात ते खरोखर होतं. निळ्या ताडपत्रीचा मोठा मांडव, त्यात लग्नाच्या कार्यालयातल्या हॉलएवढा बर्फाचा चौक, भोवती कठडा आणि बाहेर घरघरणारं मशीन. बाहेर उभं राहिलं की डोक्यावर तवा ठेवल्यासारखं वाटायचं आणि पडदा सारून आत गेलं की तोंडातून वाफ निघायची. कित्येक लोक नुसते गारव्याला यायचे. बायका साडीवर भाड्याचे स्वेटर घालून कठड्याला टेकून उभ्या राहायच्या. एक पेन्शनर गृहस्थ तर रोज पेपर घेऊन यायचे आणि शेवटच्या पानापर्यंत वाचून जायचे. बर्फाकडे त्यांनी कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

मी चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यात गोडाऊन सांभाळतो. एमआयडीसीत माझं निम्मं आयुष्य गेलं. तेव्हा माझी पन्नाशी जवळ आली होती. गुडघे कुरकुरत होते आणि पोट पुढे आलं होतं. अशा माणसानं पायाला पाती बांधून बर्फावर उभं राहायचं काही कारण नव्हतं. माझ्याकडे एकच कारण होतं, माझी मुलगी मुक्ता.

मुक्ता लहानपणापासून चाकांचं स्केटिंग करायची. पहाटे तिला घेऊन जायचो, परत आणायचो. भिंतीवर तिची पदकं आहेत. नववीत असताना, असंच सरावाहून परत येताना, वळणावर रस्त्यात वाळू सांडलेली होती आणि गाडी घसरली. तिचा डावा पाय गाडीखाली आला. नडगीचं हाड मोडलं, आत रॉड घालावा लागला. मला कोपराला खरचटलं, तेवढंच. मी सावकाश चालवत होतो असं सगळे म्हणाले. मी खरंच सावकाश चालवत होतो. पण दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत सुटलो, "माझं चुकलं." वळसंगहून मेव्हणे आले, त्यांना सांगितलं. कारखान्यातले लोक आले, त्यांना सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटलाही सांगितलं. शेवटी शोभा, माझी बायको, कॉरिडॉरमध्ये म्हणाली, "आवो, किती जणांना सांगनार? आता त्या लिफ्टवाल्याला सांगायचं ऱ्हायलंय बगा."

पाय बरा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, पळू दे, खेळू दे, काही होत नाही. पण मुक्तानं स्केट्स पुन्हा घातले नाहीत. विचारलं तर म्हणायची, "बघू." दहावीचं वर्ष आलं, परीक्षा झाली, सुट्टी लागली. स्केट्स कपाटावर धूळ खात होते. मी मनात एक गाठ मारून ठेवली होती. मुक्ता परत स्केटिंग करायला लागली, की ती गाडी घसरल्याचं मिटलं. नाही लागली, तर ते जन्मभर मिटणार नाही. हे मी कुणाला बोललो नव्हतो, पण घरात सगळ्यांना ते कळत असावं. मी तिच्या पायाकडे ज्या नजरेनं बघायचो, त्यात ते लपत नव्हतं.

त्यात हा बर्फ आला. चाकं नाहीत, रस्ता नाही, वाळू नाही. मला वाटलं, हे तिला चालेल.

"चल, बघू तरी," मी म्हणालो.

"तुम्ही जावा की, पप्पा. मी बसते बाकावर."

मग मी गेलो.

बर्फावरचं पहिलं पाऊल मी अजून विसरलेलो नाही. जमीन आहे, दिसते आहे, पण आपली नाही. पाय आपले आहेत, पण एक एकीकडे निघालाय, दुसरा दुसरीकडे. घोटे आतल्या बाजूला वाकतात आणि दोन्ही हातांनी धरलेला कठडा हीच काय ती ओळखीची गोष्ट उरते. शिकवायला नसरीन नावाची मुलगी होती. सोलापूरचीच, पण मुंबईला एका मॉलमध्ये हे शिकून आलेली. पंचविशीची, किडकिडीत, तोंडात सतत बडीशेप. ती बर्फावर उलटी चालत माझ्यासमोर यायची आणि म्हणायची, "चाचा, घुटने मोडो. और मोडो. संडास को बैठते ना, वैसा. आधा."

मागं बाकावरून मुक्ताचं फिसकन हसणं ऐकू आलं. तिला हसताना बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो.

नसरीननं मला आधी पडायला शिकवलं. पुढं नाही, मागं नाही, एका कुशीवर. आणि पडल्यावर मुठी आवळायच्या. "उंगल्यां छुपाओ चाचा, पीछे से कोई आया तो सालन हो जाता." सालन म्हणजे रस्सा, मागून येणाऱ्याच्या पात्याखाली बोटांचा. मी पडायचो. विजार ओली व्हायची, गारठा हाडांत जायचा. बाहेर येऊन गाडीला किल्ली लावेपर्यंत ती विजार कडकडीत वाळलेली असायची. त्या उन्हाळ्यात दुपारच्या सुट्टीत आणि कामावरून सुटल्यावर असं माझं अंग दिवसातून दोनदा गारठायचं आणि दोनदा भाजायचं. सर्दी मात्र झाली नाही.

मुक्ता रोज माझ्याबरोबर यायची, कारण आईनं तिला माझ्यावर लक्ष ठेवायला पाठवलेलं असायचं. कानात इअरफोन, डावा पाय पुढं सोडलेला, नजर मोबाईलवर. चार-पाच दिवस तिनं काही म्हटलं नाही. मग एकदा मी कठडा सोडून दोन पावलं गेलो आणि आपटलो, तेव्हा तिनं इअरफोन काढला.

"पप्पा, खाली काय बघताय? पायाखाली काय सापडनार हाय का? समोर बघा."

मी समोर बघितलं. तीन पावलं जास्त गेलो.

"आणि ते हात असे कशाला धरलेत? भाजी घेऊन निघालाय काय?"

त्या दिवसापासून ती बोलायला लागली. गुडघे, खांदे, वजन कुठल्या पायावर टाकायचं, पाय मागं कसा ढकलायचा. तिच्या आवाजात जुना सूर येत होता. मी रात्री शोभाला म्हणालो, "येणार ती बर्फावर. बघ तू." शोभा कपडे घड्या करत होती. "ती येनार, न्हाय येनार. तुमी तुमचं घसरा की," ती म्हणाली.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. मला थोडं थोडं जमायला लागलं तशी मुक्ता गप्प व्हायला लागली. चूक नसली की तिला बोलायला काही नसायचं. म्हणून मी मुद्दाम चुकायला लागलो. मुद्दाम खाली बघायचो, मुद्दाम हात अवघडून धरायचो, की बाकावरून तिची हाक यायची. नसरीनच्या ते लक्षात आलं. एकदा ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चाचा, कल आता था, आज नै आता? ऐसा कैसा?" तिनं माझ्याकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, आणि बडीशेप चावत दुसऱ्या पोरांकडे गेली.

मग एके दुपारी सगळ्या भागाची वीज गेली. एमआयडीसीतले मागही थांबले असणार, कारण हवेत एकदम ती शांतता पसरली जी आमच्याकडे फक्त सणाला असते. मांडवाचा जनरेटर सुरू झाला, खोकला आणि बंद पडला. बर्फ सुटायला लागला. आधी त्यावर घाम आल्यासारखं दिसलं, मग पाणी साचलं. त्या बर्फाचा मालक, ज्याला सगळे शेठ म्हणायचे, कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होता. मेकॅनिक होटगीत अडकला होता.

मला सुचलं. आता मागं बघून हसू येतं, पण तेव्हा मला ती फार शहाणपणाची गोष्ट वाटली. आमच्याकडे लग्नाकार्यात बर्फाची लादी येते ती गोणपाटात गुंडाळून. मग गोणपाटाहून चादर चांगलीच की. सोलापूरची चादर, थंडी आत येऊ देत नाही, तर ऊन तरी कसं आत सोडेल? मी शेठला म्हणालो, "चादरी टाकू या." शेठ बुडत्या माणसासारखा हो म्हणाला. मी आमच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, सेकंडचा माल पडलाय तो घेऊन जा. सेकंडचा म्हणजे विणकामात काहीतरी बिघडलेला. एखादं फूल अर्धं राहिलेलं, काठ तिरका गेलेला. टेम्पो भरून गठ्ठे आणले. मी, नसरीन, शेठची माणसं, गारव्याला आलेल्या बायका, सगळ्यांनी मिळून त्या बर्फावर अंथरल्या. दुहेरी, कडेला कड लावून. पेन्शनर गृहस्थांनीही पेपर खाली ठेवून एक टोक धरलं.

सगळा चौक झाकला गेला तेव्हा जानवशासारखं दिसत होतं. आता वऱ्हाड येईल आणि आडवं होईल, असं. चादरींवर विणलेले लाल, हिरवे, निळे मोर एका रांगेत. मी मुक्ताकडे बघितलं. तिनं बाकावरूनच अंगठा दाखवला. मला फार बरं वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा मी काहीतरी वाचवलं होतं.

तासाभरानं वीज आली. मशीन गरजलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, शेठनं सगळ्यांना चहा मागवला. चहा आम्ही बाहेर जनरेटरजवळ उभं राहून प्यालो. मेकॅनिकही पोचला, मग त्याचं ऐकत बसलो. चादरी उचलायच्या राहिल्या.

आत गेलो आणि पहिली चादर ओढली. ती आली नाही. दुसरी ओढली. फक्त टोकाचा धागा हातात आला. सुटलेलं सगळं पाणी चादरींनी पिऊन ठेवलं होतं, आणि वीज आल्यावर ते पाणी चादरींसकट गोठलं होतं. मोर बर्फात होते. काहींच्या चोची वर राहिल्या होत्या.

शेठनं बराच वेळ ते बघितलं. मग म्हणाला, "काका, आता काय ह्याच्यावर झोपू मी?"

"माझं चुकलं," मी म्हणालो. पुन्हा पुन्हा म्हणालो. कुणीतरी गरम पाणी ओतलं, त्यानं खड्डे पडले आणि चादर तशीच राहिली. शेवटी ठरलं की मशीन कमी करून ठेवायचं आणि सकाळी खरवडून काढायचं. मी म्हणालो, मी काढतो. एकट्यानं काढतो.

एकट्यानं काही निघत नसतं. सकाळी शोभा माझ्याबरोबर आली. हातात उलथनं होतं. आत येऊन तिनं तो चौक डोळे भरून बघितला. "थालीपीठ चिकटलंय बगा तव्याला," ती म्हणाली आणि एका कोपऱ्यात पदर खोचून बसली. नसरीनच्या हातात रंगाऱ्याची पट्टी होती. आणि मुक्ता, दोन जोड मोजे घालून, चपला घालून, कठड्याचं दार उघडून बर्फावर आली.

मी हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत राहिलो. ती बर्फावर आली होती. स्केट्स नव्हते, पण बर्फावर होती. तिनं चार पावलं टाकली, डावा, उजवा, डावा, उजवा. मी डावा पाय बघत होतो.

ती माझ्याजवळ येऊन बसली आणि खरवडायला लागली. थोड्या वेळानं, वर न बघता म्हणाली, "पप्पा, बघू नका."

"काय?"

"माझ्या पायाकडं. जिना उतरले की बघता. जेवायला बसले की बघता. झोपल्यावर पण येऊन बघता, मला म्हाईत हाय. पाय दुखत नाही माझा. तुम्ही बघितलं की दुखल्यासारखं वाटतं."

उलथन्याचा खरखर आवाज येत होता. शोभाचे हात चालू होते, पण कान आमच्याकडे होते.

"आणि स्केटिंग मी तुमच्यामुळं सोडलं नाही," मुक्ता म्हणाली. "मला कंटाळा आला होता. पडायच्या आधीच. रोज पहाटे उठायचं, तेच ते गोल गोल. दवाखान्यात पहिल्या दिवशी सकाळी जाग आली आणि वाटलं, आज जायचं नाही. उद्या पण नाही. इतकं बरं वाटलं ना. पाय दुखत होता लई, तरी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगनार? तुम्ही सगळ्या दवाखान्याला सांगत फिरत होता माझं चुकलं, माझं चुकलं. त्यात मी सांगायचं मला बरं वाटतंय म्हणून? आणि नंतर सांगितलं असतं, तर इतकी वर्षं पहाटे उठवलं म्हणून त्याचं पण वाईट वाटून घेतलं असतं तुम्ही."

खरं होतं. मी तोंड उघडलंच होतं. तिनं उठून आईच्या हातातलं उलथनं घेतलं आणि माझ्यासमोर येऊन धरलं. "म्हणा. म्हणून दाखवा एकदा."

नसरीन पलीकडून म्हणाली, "चाचा, चूप बैठो. मारेगी."

शोभा हसली, मग नसरीन, मग मुक्ता. मीही हसलो, पण मला हसू पोचायला वेळ लागला. मोराची एक शेपटी खरवडून निघेपर्यंत मी तिच्या बोलण्यावरच अडलो होतो. दीड वर्ष मी ज्या गोष्टीची वाट बघत होतो, ती होणार नव्हती. ती पुन्हा स्केटिंग करणार नव्हती. आणि त्याचा माझ्याशी काही संबंध नव्हता. हे दुसरं वाक्य पचायला जास्त जड गेलं.

वाईट वाटून घेणं ही माझी जुनी सवय आहे. पाहुणा उपाशी गेला तर माझं चुकलं, बस चुकली तर माझं चुकलं. मला वाटायचं हा साधेपणा आहे. पण त्या सकाळी गोठलेल्या कापसात बोटं घालून बसलो असताना कळलं, की अशा माणसाच्या घरात इतरांना स्वतःचं काही उरत नाही. मुलीचा पाय मोडतो, आणि त्यातही बापच मधोमध येऊन बसतो. ती बिचारी त्याची समजूत घालत लंगडते. हे मी आता लिहितो तितकं स्पष्ट तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा फक्त बोटं बधिर झाली होती आणि चेहरा गरम.

सवय एका सकाळीत जात नाही. मुक्ताची यंदा बारावीची परीक्षा झाली. नुकतंच तिला लायसन मिळालं. परवा ती स्कूटी घेऊन होटगीला मैत्रिणीकडे निघाली, तेव्हा मी ओसरीवर पेपर धरून बसलो. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गल्लीच्या तोंडाशी हॉर्न आला, मग काही नाही. मी त्या पानावरची एकही ओळ वाचली नाही, पण मान वर केली नाही. शोभा दारात उभी होती. "गेली," ती म्हणाली, आणि आत जाऊन कुकर लावला.

चादरी निघाल्या. काही फाटल्या, काही वाळवून कारखान्यातल्या लोकांनी फरशी पुसायला नेल्या. बर्फ पुन्हा घातला, तरी खाली कुठं कुठं लाल-हिरवे धागे राहिलेच. लहान पोरं पालथी पडून ते बघायची. शेठनं माझ्याशी चार दिवस अबोला धरला, मग विसरला.

शेवटच्या आठवड्यात मी जात राहिलो. आता जायला कारण उरलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे तेव्हाच मला ते आवडायला लागलं. मुक्ता बाकावर यायची, पण तिचा मोबाईल, तिचे इअरफोन. मी मुद्दाम चुकणं सोडलं. तिनं बोलणंही कमी केलं. मी एकटाच कठड्याशेजारून सरकायचो, एक पाय, दुसरा पाय. पात्याचा एक बारीक आवाज येतो, कोरं कापड फाडताना येतो तसा. तो आवाज नीट यायला लागला की समजायचं, वजन बरोबर पडतंय.

प्रदर्शन उठायच्या आदल्या संध्याकाळी मी कठडा सोडला. गर्दी नव्हती. पहिला कोपरा वळलो. गुडघे वाकलेले, खांदे सैल. दुसरा कोपरा. पेन्शनर गृहस्थ पेपरमध्ये. तिसऱ्या कोपऱ्यावर एक छोटी मुलगी आडवी आली, मी तिला वळसा घातला, आणि वळसा घातला हे मला नंतर कळलं. चौथा कोपरा. मी पूर्ण फेरी मारली होती. कुणाचा हात न धरता, एकदाही न पडता. मी बाकाकडे बघितलं.

बाक रिकामा होता.

मी तसाच पुढं सरकत राहिलो, कारण थांबायचं कसं हे अजून नीट येत नव्हतं. कठड्याला जाऊन धडकलो. तेवढ्यात पडदा सारून मुक्ता आत आली. हातात उसाच्या रसाचा मोठा ग्लास.

"कुठं गेली होतीस?"

"रस आणायला. काय झालं?"

"फेरी मारली. अख्खी."

"न पडता?"

"न पडता."

"मग मारा की अजून एक," ती म्हणाली, आणि बाकावर बसली.

मी दुसऱ्या फेरीला निघालो. पहिल्याच कोपऱ्यावर पाय निसटले आणि कुशीवर आपटलो. मुठी आवळल्या. बर्फ विजारीतून आत आला. बाकावर मुक्तानं वर बघितलं, मी जिवंत आहे एवढं पाहिलं, आणि ग्लासातल्या बर्फाचा तुकडा तोंडात टाकून कडाकडा चावत पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. मी एक गुडघा टेकला, दुसरा उचलला, आणि उभा राहिलो.